'मेंदूचा नकाशा' दाखवून आम्हाला असं गंडवलं

बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळायला काही महिने लागणार होते. इकडे आमची १४ वर्षांची लेक रात्र-रात्र जागी, शाळेचं नाव काढलं की दार लावून घ्यायची. एका केंद्राने मात्र दुसऱ्याच दिवशी बोलावलं. रांगेत अडकलेले पालक हेच यांचं गिऱ्हाईक.

लेकीच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि थोड्या वेळाने लाल-पिवळ्या डागांचं चित्र आमच्या हातात दिलं. 'हा लाल भाग बघा, प्रॉब्लेम इथेच आहे.' तिच्याशी कुणी धड दोन वाक्यं बोललं नाही. लगेच ४० सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ, सवलत फक्त आजच्यापुरती. वर 'औषधांच्या नादी लागू नका, सवय लागते' हा फुकटचा सल्ला. मोठ्या विश्वासाने दिलेल्या त्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'मुलगा वर्गात चंचल असतो.' मुलगा! आणि चंचल? आमची पोर तर महिनोन्महिने गप्प होती.

त्या टोपीतून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवतात तो ईईजी फिट्सच्या निदानाला लागतो, ते खरं. पण नैराश्य किंवा चिंताविकाराचं निदान करून देईल असं स्कॅन किंवा रक्ततपासणी आज नाही. डॉक्टर रक्त तपासतात ते थायरॉइडसारखं दुसरं कारण नाही ना, हे बघायला. निदान होतं ते मुलाशी, पालकांशी बोलून, शाळेतलं वागणं विचारून. पुढे खऱ्या डॉक्टरांनी आधी आम्हालाच बाहेर बसवलं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हेही तिला सरळ विचारलं. असं विचारल्याने ते विचार मनात भरतात, ही भीती खोटी आहे.

केंद्रातल्या 'तज्ज्ञां'ना नोंदणी क्रमांक विचारला तर भिंतीवरच्या कोर्सच्या सर्टिफिकेटकडे बोट. पैसे परत मागितले तर आमच्याच सहीचा कागद पुढे केला. तक्रार केली आहे, बघू.

१० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तज्ज्ञ तेवढे नाहीत, म्हणून रांग राहणारच. तोवर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, शाळेच्या समुपदेशकांशी बोला, रद्द झालेली वेळ मिळेल का हे फोन करून विचारत राहा. मूल मरणाची भाषा करत असेल तर मात्र रांगेत थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.