सीएम पंकच्या तीन जुन्या डीव्हीडी, आबांसोबत पाहिलेल्या

सीएम पंक हा अमेरिकी कुस्तीगीर म्हटलं की बहुतेकांना २०११ चा जून आठवतो. डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्टेजवर मांडी ठोकून बसला आणि हातात माईक धरून मालकांचेच वाभाडे काढले, तो प्रसंग. पण त्याच्या बंडाचं मूळ रिंग ऑफ ऑनर या कुस्तीच्या छोट्या कंपनीत आहे, आणि ते बघायचं तर २००४-०५ मधल्या तीन डीव्हीडी पुरेत: ‘वर्ल्ड टायटल क्लासिक’, ‘जो व्हर्सेस पंक टू’ आणि ‘डेथ बिफोर डिसऑनर थ्री’. मी जुन्या-पुराण्या मालाच्या एका दुकानातून घेतल्या.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. उन्हाळ्यात वडील कोल्हापूरहून आले होते. आबांनी उमेदीच्या वयात खासबागेच्या मैदानात कुस्त्या केल्यात. पहिली डिस्क लावली तेव्हा दोन मिनिटं बघून म्हणाले, “ही नुरा कुस्ती हाय की गं. आधीच ठरल्याली.” मी म्हटलं, ठरलेलीच आहे आबा, पण बसा तरी. ते बसले, आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत.

कारण पहिली लढत खरंच एक तासाची आहे. १२ जून २००४, ओहायोतलं डेटन. समोआ जो हा तेव्हाचा चॅम्पियन, अंगापिंडानं भक्कम, लाथा आणि तडाख्यांनी समोरच्याला झोपवणारा. त्याच्या ताकदीशी ताकद लावून उपयोग नाही हे पंक जाणतो, म्हणून मान काखेत धरून बसतो. सोडतच नाही. जो ढकलतो, उचलतो, दोरांवर फेकतो, आणि हा फिरून पुन्हा मानेला. एरवी हा पकडीचा डाव दम खायला वापरतात, इथं तोच लढतीचा कणा आहे. आबा पुढं सरकून बसले. “दम काढतोय त्येचा. सोडू नकोस मान, लेका!” साठ मिनिटांनी घंटा झाली, निकाल नाही. आबा म्हणाले, “बरोबरीत सोडवली.” हा शब्द आमच्या घरात मी किती वर्षांनी ऐकला!

दुसरी डिस्क १६ ऑक्टोबर २००४ ची, शिकागोजवळच्या शिकागो रिजमधली. पुन्हा तासभर, पुन्हा बरोबरी, पण इथं गाव पंकचं आहे आणि ते आवाजावरून कळतं. समीक्षक डेव्ह मेल्टझर यांनी या लढतीला पाच तारे दिले. अमेरिकेतल्या लढतीला १९९७ नंतर ते पहिल्यांदाच मिळाले. मला स्वतःला डेटनची लढत जास्त आवडते, कारण तिथं पंक टिकेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. माझी ही दुसरी डिस्क चाळिसाव्या मिनिटाला अडकते, कुणीतरी तिच्यावर ओरखडे पाडलेत. जुनी डिस्क घेणार असाल तर उजेडात तिरकी धरून बघा. चित्र तसं साधंच आहे, हॉलमध्ये अंधार आहे, पण दर तडाख्याचा आवाज खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा येतो.

पंकच्या मनगटापासून बोटांपर्यंत पट्ट्या, आणि पंजाच्या मागं काळी फुली. आबांनी विचारलं, ते काय? मी सांगितलं, दारू नाही, तंबाखू नाही, कुठलीच नशा नाही, त्याची ती खूण. आबा म्हणाले, “मग त्येच्यात काय? पैलवानानं तसंच ऱ्हायाचं असतं.” इतकी वर्षं मी पंकला बघते, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या तालमीत वस्तादाचा जो पहिला नियम, तोच या माणसाचा बंडाचा झेंडा. नशेत रात्री घालवणाऱ्या कुस्तीगिरांच्या दुनियेत तो ‘मी तुमच्यापेक्षा बरा’ असं तोंडावर सांगायचा आणि लोक चिडायचे. २००३ मध्ये रेवन या कुस्तीगिराशी त्याचं वैर याच मुद्द्यावर पेटलं आणि १९ जुलैला, आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या एलिझाबेथ गावात, दोघं गळ्यात पट्टा आणि मधे साखळी बांधून लढले.

तिसरी डिस्क मात्र काळजाला लागते. १८ जून २००५, मॉरिसटाऊन, न्यू जर्सी. पंक डब्ल्यूडब्ल्यूईत निघालाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. निरोप द्यायला आलेल्या लोकांसमोर तो ऑस्टिन एरीजला हरवून चॅम्पियन होतो. हॉल वेडा होतो. मग तो माईक घेतो आणि गारठलेल्या सापाला घरी नेऊन जगवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. साप डसतो, आणि वर म्हणतो, मी साप आहे हे तुला माहीत होतं ना? आबांना इंग्रजी येत नाही, पण लोकांचे चेहरे बघून ते हळूच म्हणाले, “दूध पाजलं होय ह्येनी.” बंड मालकाविरुद्ध करणं त्यामानानं सोपं. ज्यांनी जीव लावला त्यांच्याच तोंडावर ते करणं, आणि पुढं डब्ल्यूडब्ल्यूईच्या करारावर सही करताना तोच चॅम्पियनचा पट्टा कागदाखाली धरणं, याला फार मोठी छाती लागते.

हा पट्टा त्याच्याकडं ५५ दिवस राहिला. १३ ऑगस्ट २००५ ला शिकागो रिजमध्ये जिवलग मित्र कोल्ट कबानाकडून हरून पंक रिंग ऑफ ऑनर सोडून गेला, रडत गेला. पुढं डब्ल्यूडब्ल्यूईही सोडली, आणि त्यानंतर सात वर्षांनी, २०२१ मध्ये, शिकागोत कुस्तीत परतला तेव्हा त्यानं हीच तारीख घेतली: त्या दिवशी मी कुस्ती सोडली, असं तो म्हणाला. मधलं डब्ल्यूडब्ल्यूई त्यानं कुस्तीत धरलंच नाही.

पहिल्यांदा बघणार असाल तर डेटनची डिस्क आधी लावा. थेट मॉरिसटाऊनची लावलीत तर तो हॉल इतका का दुखावला हे समजणार नाही.