50 एमएम एफ 1.8: तालमीतल्या अंधारात वापरून झाल्यावर

कॅननची 50 एमएम एफ 1.8 एसटीएम ही लेन्स मी गेल्या पावसाळ्यात घेतली. कॅमेरा कॅननचाच 1500डी. आता हातात बसली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

घेण्यामागचं कारण एकच, कोल्हापुरातल्या तालमी. उंचावरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड, आणि पैलवानांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं बरं नव्हे. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, 55 एमएमला एफ 5.6 च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). 1.8 ला तिच्या जवळपास दसपट प्रकाश मिळतो. जिथं आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 6400 लावून 1/100 सेकंदाचा शटर कसाबसा मिळायचा, तिथं 1600 वर 1/250 मिळायला लागला. मग काय, महिनाभर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडणारं छिद्र, 1.8 वरून हललंच नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त प्रेस फोटोग्राफर आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. फोटो दाखवायला गेलो तर मोबाईल हातातच घेतला नाही. "मोबाईलवर समदंच झ्याक दिसतंय. 8 बाय 12 इंची प्रिंटा काढून आण." प्रिंटा बघताना ते बोलत नाहीत, नुसतं बोट ठेवतात. पहिलं बोट पैलवानाच्या कानावर. कानाला लागलेल्या तांबड्या मातीचा कण न् कण स्वच्छ, डोळे मात्र धुरकट. "कान बघायला तालमीत गेलतास व्हय?"

यात लेन्सचा दोष नाही. एक मीटरवरून 1.8 ला जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर पट्टा शार्प राहतो. चेहरा जरा तिरका असेल तर कान आणि डोळा एकाच वेळी त्यात मावत नाहीत. त्यात 1500डी च्या नऊ फोकस बिंदूंपैकी मधलाच क्रॉस टाईप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, आहे. अंधारात भरवसा त्याचाच. तो धरून फोकस लॉक करायचा आणि मग कॅमेरा वळवायचा, हेही इतक्या जवळून धोक्याचं. आण्णांनी सुचवलेला मार्ग साधा: मधला बिंदू डोळ्यावर, कडेनं भरपूर जागा सोडून काढायचा, नंतर कातरायचा. 24 मेगापिक्सेल कशाला आहेत! अ‍ॅपर्चर 2.8 वर, आयएसओ 3200, शटर 1/200. थोडा दाणा येतो. प्रिंटमध्ये तो खुपत नाही, चुकलेला फोकस मात्र खुपतो.

दुसरं बोट मागच्या धूसरपणावर. मला तोच भारी वाटत होता. आण्णा म्हणाले, "ह्यो बागेतबी असाच दिसला असता. तालीम कुठाय?" त्यानंतर भिंतीवरचा मारुती, लटकणारा दोर, कडेला बसलेले वस्ताद ओळखू येतील इतपत ठेवायला लागलो, उजेड असेल तेव्हा एफ 4. पार्श्वभूमी विरघळवायलाच ही लेन्स घ्यायची, असं सगळे सांगतात. मला ते आता अर्धवट वाटतं.

आता अडचणी. 1500डी च्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ही 80 एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, त्यामुळे छोट्या तालमीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन पैलवान पायापर्यंत मावत नाहीत. अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत किट लेन्सच लावतो. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, तेव्हा 1/125 च्या खाली मी जात नाही. फोकस करताना पुढची नळी बाहेर येते आणि आखाड्यातली धूळ बारीक. 49 एमएमचा फिल्टर आणि हूड पहिल्या दिवसापासून लावा. वजन मात्र 160 ग्रॅम, गळ्यात आहे हे विसरायला होतं. हिच्या आधीच्या 1.8 टू या लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचा होता, हिचा धातूचा आहे. सेकंडहँड घेताना एवढं तपासा, कारण दोन्ही ‘फिफ्टी’ म्हणूनच विकल्या जातात.

घरातली बारशी, वाढदिवस हेच मुख्य काम असेल तर ही घेऊ नका. त्याला 24 एमएम एफ 2.8 ही चपटी ‘पॅनकेक’ लेन्स बरी. माणसांचे चेहरे आणि कमी उजेड असेल, तर दहा हजारांच्या घरात हिच्याशिवाय दुसरी मी सुचवणार नाही. आणि पहिल्या प्रिंटांसाठी हजारभर रुपये वेगळे काढून ठेवा.