ताळेबंद ३१ मार्चचा, करार नोव्हेंबरचा

चालू धंदा विकत घ्यायच्या विचारात असाल तर हे जरूर वाचा. कुपवाड एमआयडीसीतली हळद पावडर करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मी आणि धाकट्या भावाने मिळून घेतली. दाखवलेल्या ताळेबंदात एकही आकडा खोटा नव्हता. आम्हाला फसवलं ते तारखांमध्ये.

ताळेबंद ३१ मार्चचा, ऑडिट झालेला. त्या सुमाराला सांगलीत हळदीचा हंगाम भरात असतो, गोडाऊन पोत्यांनी भरलेलं दिसणारच. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज) लिमिट निम्मी शिल्लक, मोठ्या मसालेवाल्या गिऱ्हाइकाचे पैसे वेळच्या वेळी. सौदा ठरला दिवाळीनंतर. मधल्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं की ठरलेलं उत्तर, "सीए टॅक्स ऑडिटमध्ये अडकलेत, देतो."

मसुद्यात आमच्या वकिलांनी एक कलम घातलं होतं. ३१ मार्चपासून ताबा मिळेपर्यंत कंपनीच्या स्थितीत मोठा प्रतिकूल बदल झालेला नाही व होणार नाही. झाल्यास खरेदीदाराला करार सोडता येईल, नुकसान विक्रेता भरून देईल. सहीच्या दिवशी आलेल्या प्रतीत "३१ मार्चपासून" जाऊन तिथे "या करारनाम्याच्या तारखेपासून" आलं होतं. बाकी शब्द जिथल्या तिथे. "दादा, वकिलांनी भाषा तेवढी नीट केलीय," म्हणत विकणाऱ्याने पान पुढे सरकवलं.

ताबा घेतल्यावर कळलं, मोठं गिऱ्हाईक जुलैतच तुटलं होतं. सीसी पुरती उचलून पैसा घरच्याच दुसऱ्या फर्मकडे वळवला होता. शेअर घेतले की कंपनीचं कर्ज कंपनीसोबतच येतं, त्यामुळे परतफेडीची चिंता आता आमच्या घरात. हे सगळं ताळेबंदानंतरचं, म्हणून ताळेबंदात नाही. करारापूर्वीचं, म्हणून कलमात बसत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ कुठल्याच कागदात येणार नाही अशी सोय त्यांनी ठरवून केली होती. याची चीड अजून जात नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक आहे, पण नुसतं गप्प राहणं एरवी फसवणूक ठरत नाही. त्यात कलम १९ चा अपवाद असा की, गप्प राहून फसवलं असलं तरी साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. समोरची बाजू नेमकं हेच धरून बसली आहे. आमचं म्हणणं, तारीख बदलून "भाषा नीट केली" सांगणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. जुना मसुदा ईमेलवर आहे, तोच आमचा आधार.

धंदा बघताना दर महिन्याचं जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, समोर पोर्टल उघडून दाखवायला सांगा, छापील प्रत नको. सीसीचं स्टेटमेंट कालपर्यंतचं घ्या. वीजबिलं तर मागाच. चक्की बंद पडली की युनिट लगेच घटतात, आणि तो आकडा विकणाऱ्याच्या हातात नसतो. कंपनीवरचा बोजा कंपनी निबंधकांच्या नोंदीत तपासा. कलमात "मोठा बदल" एवढंच लिहून भागत नाही. उलाढाल किती टक्के घटली, कोणतं गिऱ्हाईक गेलं, कर्ज किती वाढलं की तो मोठा, हे आकड्यात लिहून घ्या आणि सुरुवात ताळेबंदाच्या तारखेपासूनच ठेवा. त्या तारखेबाबत विकणारा आढेवेढे घेऊ लागला, तर सही थांबवून मधल्या महिन्यांचे कागद आधी मागा.