बक्षीसपत्रासाठी गेलो, मृत्युपत्र करून आलो: कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या वकीलबाईंचा अनुभव

वकिलांना जाहिरातीला बंदी असते, त्यामुळे बाईंनी नाव लिहू नका म्हणून सांगितलं. तरी नाव न घेता अनुभव लिहिते, कारण घरात आजारी माणूस असताना असा सल्ला मिळणं फार मोलाचं आहे.

आमच्या आत्याचं मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर आहे. महापालिकेच्या शाळेत शिकवून, स्वतःच्या पगारातून घेतलेलं. काका गेले, मूलबाळ नाही, आणि आता डायलिसिस सुरू आहे. घर मला द्यायचं हे तिनं कधीचंच ठरवलंय. मुंबईचा मावसभाऊ म्हणाला, मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी, कोर्टात खेटे घालावे लागतील, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका. त्याआधी भेटलेला एक एजंट तर "अंगठा घेऊन टाकू, आजीला काही विचारायची गरज नाही" म्हणाला होता. तिथून आम्ही सरळ उठलो.

बाईंनी पहिला प्रश्न आत्यालाच केला, फोनवर. "मावशी, घर आत्ता नावावरून जावं असं वाटतंय, की तुमच्यानंतर?" आत्या म्हणाली, "माझ्या डोळ्यादेखत घरफाळ्याची पावती माझ्याच नावाची येऊ दे." मग बाईंनी हिशेब मांडला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलगा-मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. भाची त्या यादीत नाही, तिला खरेदीखतासारखंच शुल्क पडतं. शिवाय बक्षीसपत्र एकदा झालं की सहज मागं घेता येत नाही. मृत्युपत्र आत्याला हवं तेव्हा बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्कच नाही, आणि नोंदणीची फी १०० रुपये.

प्रोबेटचं भय मात्र त्यांनी एका वाक्यात घालवलं. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातली सक्ती मुंबई, चेन्नई, कोलकाता यांच्याशी जोडलेली होती. कोल्हापुरातलं घर आणि कोल्हापुरात केलेलं मृत्युपत्र तिच्यात येत नव्हतं. खरी धास्ती वेगळीच निघाली. मृत्युपत्र नसेल तर मूलबाळ नसलेल्या विधवेचं स्वकष्टाचं घर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. म्हणजे ज्या दिरांनी आत्याच्या आजारपणात साधी चौकशी केली नाही, त्यांच्याकडे. हे ऐकून मला घाम फुटला. एवढी साधी गोष्ट आम्हाला तोवर कुणीच सांगितली नव्हती!

मसुदा त्यांनी आत्याच्याच बोलीत लिहिला आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवला. "भाचीनं सांभाळलं म्हणून" हे वाक्य आत्यानं स्वतः घालायला लावलं. आत्या शुद्धीत आहे, समजून-उमजून सही करतेय, असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा घेतला. साक्षीदार शेजारचे दोघे, ज्यांना घरात काडीचाही हिस्सा नाही. मला तर खोलीबाहेर बसवलं. तेव्हा जरा लागलं, पण उद्या कुणी दबावाचा आरोप केला तर हेच कामी येणार. आत्याला जिना उतरवत नाही, म्हणून दुय्यम निबंधकांच्या गृहभेटीचा अर्ज केला. नोंदणी तिच्या पलंगाशेजारीच झाली.

बाईंची फी ७,००० रुपये, पहिल्याच भेटीत सांगितलेली, नंतर एक रुपया वाढला नाही. गृहभेटीचं सरकारी शुल्क वेगळं.

उणं म्हणाल तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोर्टामुळे भेट संध्याकाळीच मिळते आणि तेव्हा गर्दी असते. आजारी माणसाला घेऊन जाऊ नका. जाताना मालमत्ता पत्रक, घरफाळ्याची पावती, आधार आणि मूळ खरेदीखत न्या. खरेदीखत सापडत नसेल तर त्याच्या नकलेचा अर्ज आधी टाका. आमचे सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले.