कॅलिबर: फोल्डरचा नाद सोडा, मग मजा

ईबुकं सांभाळायला कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर वापरतोय बरीच वर्षं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सोनीच्या ईरीडरसाठी म्हणून सुरू केलं होतं ते आजपर्यंत चालूच आहे. दिसायला अगदीच जुनाट, आयकॉन बघून हसू येतं, पण काम चोख.

नवीन माणूस चिडतो तो एकाच गोष्टीवर, माझी फाइल कुठे गेली? तर पुस्तक अ‍ॅड केलं की कॅलिबर त्याची स्वतःची कॉपी करून घेतं, मूळ फाइल आहे तिथेच राहते (म्हणजे जागा डबल, नंतर मूळची उडवली तरी चालते). लायब्ररीत (या कॉप्या ठेवायचं कॅलिबरचं मुख्य फोल्डर) आधी लेखकाच्या नावाचं फोल्डर, त्यात पुस्तकाचं, पुढे कंसात नंबर, आणि आत ईपब (म्हणजे पुस्तकाची फाइल), कव्हरचा जेपीजी आणि मेटाडेटाची (नाव, लेखक वगैरे माहितीची) एक ओपीएफ फाइल. सगळ्याचा हिशोब मेटाडेटा डॉट डीबी नावाच्या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे छोट्या डेटाबेसमध्ये. आता "कथा", "प्रवास", "अर्धवट वाचलेली" असे आपले फोल्डर करायची सोय नाहीच, त्यासाठी टॅग लावा नाहीतर व्हर्च्युअल लायब्ररी (ठरावीक पुस्तकंच दाखवणारी यादी) करा. मला तरी हे पटलं, कारण एक पुस्तक प्रवासात पण बसतं आणि विनोदात पण, फोल्डर असता तर कुठे टाकलं असतं? फक्त एक्सप्लोररमधून आत शिरून नावं बदलू नका. वाण्याकडे आपण काउंटरवर मागतो, आत जाऊन पोती उघडत नाही, तसं. मेटाडेटा डॉट डीबीला बदललेल्या नावाचा पत्ता लागत नाही आणि मग पुस्तक यादीत दिसतं पण उघडत नाही.

मराठीवाल्यांसाठी खरी गंमत पुढे आहे. स्क्रीनवर देवनागरी मस्त दिसते पण डिस्कवर फोल्डरची नावं रोमन होतात आणि तीही अशी की "कमल"चे उरतात फक्त के, एम, एल, मधला अ गायब!! शोधायचं ते कॅलिबरमध्येच त्यामुळे रोजच्याला अडत नाही, पण बॅकअपची ड्राइव्ह उघडून बघितलं की काही म्हणजे काही कळत नाही. मित्राला पुस्तकं द्यायची तर सेव्ह टू डिस्क (लायब्ररीतून फाइल बाहेर काढायची सोय) वापरा, तिथे हे रोमन करणं बंद करता येतं.

अजून एक, लेखकाचं नाव एकदा "वि. स." आणि एकदा "वि.स." असं पडलं तर दोन वेगळे लेखक, दोन फोल्डर. मॅनेज ऑथर्स या लेखकांच्या यादीत जाऊन नाव सारखं केलं की दोन्ही एकत्र होतात, फाइली पण आपोआप हलतात, हे मात्र झकास. चुकून डिलीट झालेलं पुस्तकही लगेच जात नाही, नवीन व्हर्जनमध्ये 14 दिवस कचऱ्यात राहतं.

आणि लायब्ररी ड्रॉपबॉक्स वगैरेच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन मशीनवरून चालवायचा मोह आवरा, डेटा बिघडायचा किंवा उडायचा धोका आहे असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय.