झेनोपस बेडकांसाठी घेतलेली फिरत्या पाण्याची यंत्रणा: दोन वर्षांचा अनुभव
इंग्लंडमधील ज्या प्रयोगशाळेत मी काम करतो, तिथे झेनोपस लेव्हिस जातीचे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, मागच्या पायांना नखे असलेले साठेक बेडूक आहेत. बादल्यांनी पाणी बदलून कंबर धरली, तेव्हा आम्ही पाणी गाळून पुन्हा टाक्यांत सोडणारी तयार यंत्रणा विकत घेतली.

पाण्याच्या बाबतीत तिला नावे ठेवायला जागा नाही. हे बेडूक जन्मभर पाण्यातच राहतात आणि त्यांची त्वचा पातळ असते, त्यामुळे नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि त्यांच्याच मलमूत्रातून साठणारा अमोनिया ही दोन्ही त्यांच्या जिवावर उठतात. यंत्रणेतला कोळसा क्लोरीन काढतो, गाळणीत वसलेले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि भर उन्हाळ्यातही तापमान १८ अंशांच्या आसपासच राहिले. गाळणीत जिवाणू नीट वसायला काही आठवडे जातात, हे मात्र विक्रेत्याने सांगितले नाही. आम्ही सुरुवातीला चारच बेडूक सोडले होते म्हणून निभावले.

प्रजननासाठी मादीला संध्याकाळी एचसीजी संप्रेरक टोचले की दुसऱ्या सकाळी ती अंडी घालू लागते. (गर्भवतीच्या मूत्रात हेच संप्रेरक असल्यामुळे एकेकाळी गर्भचाचणी या बेडकांवर होत असे.) त्यानंतर आम्ही तिला किमान तीन महिने विश्रांती देतो, त्यामुळे प्रत्येक टाकीवर तारखेची चिठ्ठी लावण्यासाठी दिलेली खाच फार उपयोगी पडते. निचऱ्याची जाळी मात्र बारीक आहे. बेडकांनी टाकलेली कात तिच्यावर दुधाच्या सायीसारखी धरते आणि रोज हाताने काढावी लागते.

खरी तक्रार झाकणाची आहे. ते टाकीच्या काठावर नुसते टेकते. एका सोमवारी मांडणीमागे धुळीने माखलेली, कोरडी पडून मेलेली मादी सापडली. आमची सर्वांत जास्त अंडी देणारी तीच. कंपनीला कळवले, तेव्हा चाप वेगळे विकत मिळतील असे उत्तर आले. पंपाची थरथरही कमी नाही, आणि अंगावरच्या शिवणीच्या टाक्यांसारख्या खुणांनी पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या या प्राण्यांना ती आपल्यापेक्षा अधिक जाणवत असणार, म्हणून पंपाखाली आम्हीच रबर घातले.

यंत्रणा घ्यायची असेल तर चापांची किंमत आधीच धरून दर मागावा. आमचे चाप अजून आलेले नाहीत. तोवर प्रत्येक झाकणावर पाण्याने भरलेली बाटली ठेवून आम्ही घरी जातो.