नोट बोटांना काय सांगते? दहा ते पाचशेच्या नोटा आणि 'मणी' ॲपची पारख

पाचशेची कोरी नोट डोळे मिटून धरा आणि तिच्या आखूड कडेवरून नखाचं टोक हलकेच ओढा. पाच तिरक्या रेषा लागतील. शंभराच्या नोटेला अशा चार रेषा आहेत. दोनशेलाही चारच, पण त्यांच्या मध्ये दोन वर्तुळं. शिवाय समोरच्या बाजूला उजवीकडे एकेक उठावदार खूण आहे: शंभरावर त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एच, पाचशेवर वर्तुळ. दृष्टिहीन माणसाला पैशांसाठी समोरच्याच्या शब्दावर विसंबावं लागू नये, यासाठी ही सगळी योजना आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. शंभर ते पाचशेच्या कोऱ्या नोटांवर ही योजना उत्तम चालते. मळक्या नोटांवर ती निम्मीशिम्मी उरते. दहा, वीस आणि पन्नासच्या नव्या नोटांवर ती मुळात नाहीच. नोटेची किंमत बोलून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मोफत 'मणी' ॲप घरी नोटा लावून ठेवताना फार कामाचं आहे, भर बाजारात तितकं नाही.

आधी खुणांकडे बघू. या रेषा आणि आकृत्या इंटॅग्लिओ पद्धतीने छापतात. धातूच्या प्लेटवर खोल कोरीव काम असतं. त्या खाचांमध्ये घट्ट शाई भरतात आणि कागद प्रचंड दाबाने प्लेटवर दाबतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो आणि तिथे कायमचा फुगवटा राहतो. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभाची मुद्राही अशीच छापलेली असते. त्यामुळे चाचपताना नोटेच्या मध्यावर खरखरीतपणा लागला की समोरची बाजू वर आहे, हे कळतं.

कडेच्या तिरक्या रेषा ही नोटांच्या सध्याच्या मालिकेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. त्रिकोण किंवा वर्तुळ नोटेच्या एकाच जागी असतं, म्हणजे नोट उलटी धरली तर आधी ती जागा शोधावी लागते. रेषा मात्र डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांना आहेत. कुठलंही टोक हातात आलं तरी मोजता येतात. नोट तळहातावर न ठेवता टेबल, पुस्तक किंवा मोबाइलच्या पाठीसारख्या टणक सपाट जागेवर ठेवा. बोट जोरात दाबू नका. दाबलं की त्वचा पसरते आणि दोन रेषांमधली फट हरवते. चार लागल्या तर मध्ये वर्तुळं आहेत का, हे पुन्हा एकदा बघा, कारण शंभर आणि दोनशेमधली गल्लत इथेच होते.

हा उठाव टिकतो किती, हा खरा प्रश्न. आपल्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, म्हणून तो चिवट आहे, पण फुगवटा तितका चिवट नाही. घड्या, घाम, पावसाळी दमटपणा, पाकिटातला दाब यांनी तो बसत जातो. कडेच्या रेषा तर नोटेच्या सर्वांत जास्त हाताळल्या जाणाऱ्या जागी आहेत. महिनोन्‌महिने भाजीबाजारात फिरलेल्या शंभराच्या नोटेवर चार रेषा मोजता येतीलच, अशी खात्री देता येत नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते. उठाव स्पष्ट लागला तर नोट साधी झेरॉक्स नाही, एवढं म्हणता येतं. पण उठाव लागला नाही, म्हणून नोट खोटी ठरत नाही.

आता लांबी-रुंदी. उठाव गेला तरी माप जात नाही, म्हणून जाणते लोक मापावर जास्त भरवसा ठेवतात. सध्याच्या मालिकेत दहाची नोट १२३ बाय ६३ मिलिमीटर आहे आणि वीसची १२९ बाय ६३. पन्नासपासून पुढे सगळ्या नोटांची उंची ६६ आहे आणि फक्त लांबी वाढते: पन्नास १३५, शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. म्हणजे शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्यात प्रत्येकी फक्त चार मिलिमीटरचं अंतर. जुन्या महात्मा गांधी मालिकेत शंभर १५७ आणि पाचशे १६७ मिलिमीटर लांब होती, दहाचा फरक होता. चार मिलिमीटर म्हणजे कोपरा दुमडला की संपलं.

युरोच्या नोटांशी तुलना केली की हे जास्त टोचतं. तिथे पाच ते पन्नास युरोपर्यंत प्रत्येक पायरीला लांबीही वाढते आणि उंचीही: ६२, ६७, ७२, ७७. दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही बाजूंनी फरक लागतो. ब्रिटनच्या पाच ते पन्नास पौंडांच्या नोटांचंही तसंच आहे आणि दहा पौंडांपासून वर उठावदार ठिपक्यांचे पुंजकेही आहेत. आपल्याकडे उंची बदलण्याची सोय हाताशी असताना पन्नास ते पाचशे एकाच उंचीच्या ठेवल्या, हा या मालिकेचा सर्वांत मोठा दोष आम्हाला वाटतो.

त्यात जुन्या मालिकेच्या दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा आजही वैध आहेत, आणि गुंता तिथे वाढतो. जुनी शंभराची नोट १५७ बाय ७३ आहे, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा लांब! 'लांब तेवढी मोठी' हा सोपा नियम इथे थेट चारशे रुपयांची चूक घडवतो. जुनी वीसची नोट १४७ बाय ६३ आणि नवी दोनशेची १४६ बाय ६६. लांबीत एका मिलिमीटरचा फरक, किमतीत १८० रुपयांचा. जुनी दहाची १३७ आणि नवी पन्नासची १३५, ही तिसरी फसवी जोडी.

म्हणून उंची आधी बघा, लांबी नंतर. ७३ उंची लागली तर नोट नक्की जुन्या मालिकेची: १४७ लांब असेल तर पन्नास, १५७ असेल तर शंभर. ६६ लागली तर नोट नवी आहे आणि पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे यांपैकीच एक आहे. ६३ लागली तर दहा किंवा वीस, नवी असो वा जुनी.

यासाठी घरच्या घरी पट्टी करता येते. जाड पुठ्ठ्याचा साधारण १७० मिलिमीटर लांब आणि ८० रुंद तुकडा घ्या. डाव्या टोकाला आणि खालच्या कडेला पुठ्ठ्याचीच काठी चिकटवून कोपरा तयार करा, म्हणजे नोट दोन्हीकडे टेकवता येईल. डाव्या काठीपासून १२६, १३२, १३८, १४४ आणि १४८ मिलिमीटरवर जाड दोरा उभा चिकटवा. खालच्या काठीपासून साडेचौसष्ट आणि सत्तर मिलिमीटरवर दोरा आडवा लावा. हे दोरे नोटांच्या मापांवर नाहीत, दोन मापांच्या मधोमध आहेत. नोटेची कड कुठल्या दोन दोऱ्यांमध्ये पडते, एवढंच बोटाने बघायचं. दोरा नेमका नोटेच्या मापावर लावला, तर कड दोऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, याचा घोळ होतो. नोट आधी सपाट करा, कोपरे उलगडा आणि डावी कड काठीला पूर्ण टेकली आहे ना, हे बघा. शंभर-दोनशे-पाचशेच्या टप्प्यात चूक सहन होण्याची जागा फक्त दोन मिलिमीटर आहे.

छोट्या नोटांबद्दल मात्र आमची तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. जुन्या वीसवर उभा आयत आणि पन्नासवर चौकोन अशा उठावदार खुणा होत्या. २०१६ मध्ये या दोन्ही नोटा इंटॅग्लिओविना छापायला सुरुवात झाली आणि नव्या मालिकेत ओळखखूण शंभरापासूनच सुरू होते. वीसच्या नोटेच्या मागे आपलं वेरूळ आहे, पण बोटाला ते गुळगुळीत कागदासारखंच लागतं. रिक्षा, भाजी, चहा, बसचं तिकीट, सगळं याच नोटांवर चालतं. ज्या नोटा दिवसातून सर्वांत जास्त वेळा हातात येतात, त्याच मुक्या ठेवल्या आहेत. नव्या नोटा ओळखण्यातल्या अडचणींवरून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी रंगांची सोय बरी आहे: दहा चॉकलेटी, वीस हिरवट पिवळी, पन्नास निळी, शंभर फिकी जांभळी, दोनशे गडद पिवळी, पाचशे करडी. फक्त पिवळ्या दिव्याखाली वीस आणि दोनशे जवळ येतात. दोन्ही नव्या असतील तर त्यांच्या लांबीत १७ मिलिमीटरचा फरक आहे, तेव्हा अशा उजेडात रंगावर न जाता एकीवर दुसरी ठेवून बघावी.

आता 'मणी'. हे ॲप १ जानेवारी २०२० रोजी आलं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालतं आणि एकदा घेतल्यावर इंटरनेट लागत नाही. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं आणि फोन थरथरवूनही कळवतं, त्यामुळे ऐकू न येणाऱ्यांनाही उपयोग होतो. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजी होत्या, नंतर मराठीसह आणखी ११ भाषा आल्या. जुनी मालिका, नवी मालिका, नोटेची पुढची बाजू, मागची बाजू, अर्धी दुमडलेली नोट, हे सगळं ते ओळखतं. दहा-वीसच्या मुक्या नोटांसाठी खरा आधार हाच.

वापरताना एका वेळी एकच नोट धरा. पार्श्वभूमी एकरंगी ठेवा, नक्षीदार चादर किंवा वर्तमानपत्र नको. आधी नोट टेबलावर ठेवा, फोन तिला टेकवा आणि मग सरळ वर उचलत न्या, म्हणजे नोट चौकटीबाहेर जात नाही. चारचौघांत असाल तर एका कानात इअरफोन घाला. खिशात पाचशेच्या किती नोटा आहेत, हे सगळ्या बसला ऐकू जायला नको.

मर्यादा दोन. एक म्हणजे नोट खरी की खोटी, हे ॲप सांगत नाही. ते फक्त किंमत ओळखतं, तेव्हा 'पाचशे' ऐकून निर्धास्त होऊ नका. दुसरी हातांची. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात पिशवी, मग फोन आणि नोट धरायची कशाने? मागे रांग खोळंबलेली असते ती वेगळीच. म्हणून 'मणी' सकाळी घरी वापरावं. नोटा ओळखून पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत घालाव्यात किंवा घडीवरून ओळख ठरवून घ्यावी: शंभर सपाट, दोनशे एकदा आडवी दुमडलेली, पाचशे दोनदा. घडीची पद्धत कुठलीही चालेल, पण ती बदलू नये.

सुट्ट्यासाठी दहा आणि वीसची नाणी मागून घ्या. २०१९ च्या मालिकेतलं वीसचं नाणं बारा कोनांचं आहे आणि दहाचं गोल. दोन्हींचा व्यास २७ मिलिमीटरच असला, तरी कडेवरून अंगठा फिरवला की क्षणात कळतं. आणि दुकानदारांनी उरलेले पैसे देताना नोटांचा गठ्ठा हातात कोंबू नये. मोठ्या नोटेपासून सुरुवात करून एकेक नोट, तिची किंमत उच्चारत, हातावर ठेवावी. गिऱ्हाइकाला ती तिथल्या तिथे आपल्या घडीत घालता येते.